बापाचं टक्कल

३ जानेवारी
आज पुन्हा तेच. सूपची वाटी घेऊन गेलो तर आईने दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. "अहो, नका ना मारू." — मला! बाप मरून बारा वर्षं झाली. चार वर्षं मी तिला भरवतोय, आंघोळ घालतोय, आणि ती मला तो समजते. ताई सहा महिन्यांतून एकदा उगवते, तिला मात्र लगेच ओळखते.
बापाने मला एकच गोष्ट दिली — टक्कल. तेही हुबेहूब.

१९ जानेवारी
केस लावून घ्यायचे, ठरलं. ताई फोनवर हसली. "या वयात? बोहल्यावर चढायचंय का?" ज्याचं जळतं त्यालाच कळतं.
डॉक्टरांना माझा बाविशीतला फोटो दाखवला. म्हणाले, "कपाळावर एवढी खाली रेघ आखली तर टोप घातल्यासारखं दिसेल." म्हटलं, दिसू दे. आईला मी ओळखू आलो पाहिजे, बस.

११ फेब्रुवारी
आठ तास. आधी पालथा — मागचे केस मुळासकट एकेक काढले. मग उताणा — पुढे एकेक रोवले. दोघी मदतनीस तांदूळ निवडावेत तशा माझ्या डोक्यावर वाकलेल्या, तोंडाने सासूच्या तक्रारी.

१२ फेब्रुवारी
आधी सगळं डोकं भादरतात, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. माझं लक्ष फोटोत! होती नव्हती ती झालरही गेली. मला बघून आई पलंगाखाली शिरायला लागली. दहा दिवसांसाठी ताईला बोलावलं. आली, उपकार केल्यासारखी.

४ मार्च
लावलेले केस उशीवर. "गळतातच. मुळं आत असतात, चौथ्या महिन्यात येतील," इति डॉक्टर. आगीतून फुफाट्यात.
टोपी घालून भरवतो. अजूनही 'अहो'च. पण हल्ली डोकं झाकत नाही. मुकाट्याने खाते.

३० जून
लव आली. आरशासमोर उभं राहून इतका आनंद झाला की माझी मलाच लाज वाटली. आईसमोर टोपी काढायची नाही अजून. पूर्ण वाढू देत.

३ डिसेंबर
भांग पाडून गेलो. आईने नावाने हाक मारली! केसांतून हात फिरवला. मी रडलो.
मग म्हणाली, "आत्ता सवड झाली होय रे? इतकी वर्षं होतास कुठे? तुझे बाबा बघ, किती बदललेत. हात उगारत नाहीत. रोज भरवतात मला." मी चमचा पुढे केला. तिने तोंड फिरवलं. "राहू दे. ते येतील आता." दाराकडे बघत बसली. सूप गार झालं.

४ डिसेंबर
टोपी घातली. आई जेवली.