जीर्ण

मंगळवार, दुपार

ती. दादा,

साष्टांग नमस्कार. तुझं पत्र काल मिळालं. गुडघा आता कमी दुखतो हे वाचून बरं वाटलं. वहिनीला म्हणावं, निळा ब्लाऊज तयार आहे, काखेत अर्धा इंच माया सोडली आहे, लागली तर उसवून वाढवता येईल. ती बारीक झाली असं तू लिहितोस, पण तुझ्या नजरेवर माझा विश्वास नाही.

दुकान अर्धा दिवस उघडते. लोक तुटलेल्या चेनी, उसवलेल्या शिवणी घेऊन येतात, हळू आवाजात बोलतात आणि भाव करत नाहीत. म्हणजे सगळ्यांना कळलंय.

पत्रात तू पुन्हा तोच श्लोक लिहिलास. जन्मभर संस्कृत शिकवलंस, त्यामुळे माझ्याकडे जशी ठिगळं, तसे तुझ्याकडे श्लोक. आई गेली तेव्हाही हेच म्हणालास, ‘वासांसि जीर्णानि’. माणूस जुनी वस्त्रं टाकून नवी घेतो, तसा आत्मा जुनं शरीर टाकतो. तेव्हा मला पटलं. आई खरंच विरली होती. लहानपणी मला वासांसि म्हणजे वास वाटायचा, ते आठवून आपण तिच्या उशाशी बसून हसलोही होतो.

पण दादा, जीर्ण काय असतं ते मी रोज हाताळते. जीर्ण कापड उजेडात धरलं की पलीकडचं दिसतं. सुई घातली की सुईच्या बाजूनेच फाटत जातं, रफू धरत नाही. असं कापड मी गिऱ्हाइकाला परत देते आणि सांगते, आता याचा हट्ट सोडा.

इस्पितळाने भोपळ्याचा शर्ट पिशवीत घालून दिला. (माझा पोरगा एवढा घोडा झाला तरी तू ठेवलेलं नाव काही सुटलं नाही.) शर्ट मीच शिवलेला, अपघाताच्या दिवशी पहिल्यांदा घातलेला. कॉलर अजून कडक आहे. नर्सने घाईत समोरून सरळ कात्री चालवली आहे, बटणं सगळी जागच्या जागी. आणि हसायचं तर हस, पण त्या शर्टाला अजून त्याचा वास आहे. मी तो धुतलेला नाही.

हा शर्ट विरलेला नाही, कापलेला आहे. कापलेल्याचं तुझ्या श्लोकात काय लिहिलंय? पुढचा श्लोकही मला पाठ आहे, आत्म्याला शस्त्र कापत नाही. मी आत्म्याचं विचारत नाही, दादा. मी शर्टाचं विचारते आहे. राग आला तर येऊ दे. मलाही आलाय.

त्याची डॉक्टर तरुण आहे, स्वभावाने चांगली. मी रोज विचारायचे, आज कसा आहे? ती काहीबाही सांगायची. काल खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, “काकू, श्वास यंत्र घेतंय. तो घेत नाहीये.” मेंदू गेलाय, मोठ्या डॉक्टरांनीही पुन्हा तपासून तेच सांगितलं. मी त्याच्या तळपायाला गुदगुल्या केल्या. नुसतं बोट दाखवलं तरी घर डोक्यावर घ्यायचा तो. पाय होता तिथेच राहिला.

यंत्र बंद करायच्या कागदावर मी सही केली.

हे लिहायचं जिवावर आलं होतं, म्हणून ब्लाऊजपासून सुरुवात केली. तुझा श्लोक पटला म्हणून केली असं समजू नकोस, आणि कुणाला तसं सांगूही नकोस. मला काही पटलेलं नाही. हात चालला, एवढंच.

आता तू ये. गुरुजींना घरी ठेव आणि नुसता मामा म्हणून ये. खोलीत श्लोक म्हणायचा नाही. त्याला हाक मार, नेहमीसारखी, मोठ्याने.

मी त्या डॉक्टरला एकच अट घातली आहे. मामा आल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही. ती हो म्हणाली आहे. तेव्हा जलद गाडी धरू नकोस. साध्या गाडीने ये, वाटेत उतरून चहा घे, गुडघ्याला जप.

सावकाश ये, दादा.

तुझी
धाकटी