माझा शांत स्वभाव आणि पेशंटचं बीपी

१ जानेवारी
संकल्प: यंदा कुणावरही रागवायचं नाही. तसा मी शांतच आहे, पण लोकांच्या ते लक्षात यायला हवं. माझ्या संशोधनाचं हे शेवटचं वर्ष. विषय: जुनाट बीपी असलेल्या पेशंटचं औषधाने पुढे काय होतं. माझ्या हाताखाली सगळे सुधारणार, यात शंका नाही. पहिली पेशंट खुद्द बायको. लग्नानंतरच तिला बीपी जडलं. नशीब तिचं, घरातच डॉक्टर.

४ जानेवारी
दिवस चांगला गेला. फक्त एक खुर्ची मोडली. पेशंट म्हणाला, गोळी घ्यायला विसरलो. शहाण्याला शब्दाचा मार पुरतो, याला खुर्ची लागली. म्हणजे त्याला नाही लागली, त्याच्या शेजारच्या भिंतीला. नंतर बीपी मोजलं तर भयंकर चढलेलं. रोग हट्टी आहे. डोस वाढवला.

९ जानेवारी
सिस्टरचं म्हणणं, बाहेर तिच्या टेबलावर सगळ्यांचं बीपी नॉर्मल येतं आणि माझ्या खोलीत आलं की चढतं. काहींना डॉक्टरची धास्ती असते म्हणे. असेल, पण ती नवख्या डॉक्टरची. माझ्यापाशी लोक मन मोकळं करतात. कालच एक आजी ढसाढसा रडल्या. सिस्टरला सांगितलं, तुझं मशीन बिघडलंय. पटेना. भिंतीवर आपटलं. आता खरोखरच बिघडलंय, वाद मिटला.

१७ जानेवारी
मेहुणा शेजारच्याच खोलीत बसतो. तोही डॉक्टर, पण हसरा. हसऱ्या माणसाच्या हातून संशोधन होत नसतं. आज म्हणाला, भाऊजी, तुम्ही घरी नसताना ताईचं बीपी मोजून बघूया का? म्हणजे काय? माझ्या संशोधनात आकडे मी घेतो! पेपरवेट फेकला. त्याच्या कानाला दोन टाके पडले. नेम धरला नव्हता. धरला असता तर कपाळमोक्षच झाला असता.

२ फेब्रुवारी
बायकोचं बीपी चढलेलं. मी रागावलो नाही, का चढतं एवढंच विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा शेजाऱ्यांनी भिंत बडवली. परत मोजलं, आणखी चढलेलं. डोस वाढवला. ती म्हणते, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. पेशंटचं ऐकत बसलो तर संशोधन कधी करायचं? जेवणाचं ताट जमिनीवर उपडं झालं. माझा हात लागला असावा.

११ फेब्रुवारी
नवा उपाय: राग आला की मनात दहापर्यंत मोजायचं. राग येत नाहीच, पण सवय असावी. चारवर असताना पार्किंगवाला म्हणाला, गाडी मागे घ्या. घेतली. त्याचं स्टूल मागेच होतं. सुदैवाने तो उठला होता.

१९ फेब्रुवारी
बायको बाथरूममध्ये पडली. बेसिनवर कपाळ फुटलं. फरशीभर रक्त. हाक मारली, ओ देईना. दंडाला पट्टा दोनदा उलटा बांधला. शेवटी मोजलं. बीपी पार तळाला. कसं शक्य आहे? मशीन आपटून फोडलं. मग परत मोजायला दुसरं नव्हतं. मेहुण्याला फोन केला.

२० फेब्रुवारी
ती शुद्धीवर आली. मेहुण्याने मला कॉलर धरून वॉर्डबाहेर काढलं. म्हणे, बैल आडवा होईल एवढ्या गोळ्या देत होता तुम्ही ताईला. मी शांतपणे त्याच्या मुस्काटात दिली. त्याने ठोसा लगावला. माझा पुढचा दात गेला. सिस्टरने सोडवलं, पण जरा सावकाशच.

३ मार्च
बायको भावाकडे राहते. गोळ्या बंद. तरी बीपी रोज नॉर्मल, असं मेहुणा फोनवर सांगतो. हवापालट! संशोधनाला नवी दिशा मिळाली. फोन मात्र फुटला.

९ मार्च
बायको कबूल झाली. मी एकदा येऊन मोजायचं, पण एक शब्दही बोलायचा नाही. यात काय अवघड आहे? आरशासमोर गप्प बसण्याचा सराव केला. आरसा बदलावा लागेल.

१० मार्च
गेलो. मेहुण्याने मला आकडा दाखवला, नुकताच घेतलेला. नॉर्मल. मी तिच्यासमोर बसलो. एक शब्द बोललो नाही. हसलोसुद्धा, दात नसताना. तिने न सांगता हात पुढे केला आणि डोळे मिटून घेतले. पट्टा फुगला. आकडा चढत गेला. तिने मान खांद्यांत ओढून घेतली होती, आता काहीतरी अंगावर येणार असल्यासारखी. माझ्या हातात तर काहीच नव्हतं. दोन्ही हात मांडीवर होते.

किती आलं, असं तिने डोळे न उघडताच विचारलं. नॉर्मल, असं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा खोटा आकडा दिला. बाहेर जिन्यात येऊन उभा राहिलो. थोड्या वेळाने मेहुणा दारात आला. म्हणाला, आत्ता परत मोजलं, उतरतंय, पण तुम्ही अजून इथेच आहात का असं ती विचारतेय.

मी इथे नाही म्हणून सांगायला सांगितलं आणि आवाज न करता जिना उतरलो.