फितूर कोण

३ सप्टेंबर, बुधवार
संपाचा एकतिसावा दिवस. सातपूरला डबा घेऊन गेले. कंपनीच्या गेटसमोरच्या मांडवात हे आणि दादा एकाच सतरंजीवर. दादा युनियनचा सेक्रेटरी, माझा नवरा त्याचा उजवा हात. कंपनीची नोटीस लागलीय: पुढच्या गुरुवारपर्यंत 'संपात राहणार नाही' अशा हमीपत्रावर सही करून कामावर या, नाहीतर बडतर्फ. दादाचं नाव घालून पुढे 'चिथावणीखोर'. दादा हसला. "तुझ्या लग्नाच्या वेळी आई मला घरभेद्या म्हणाली होती. त्यापुढे हे काहीच नाही."
खरंय. मी जातीबाहेर लग्न करतेय म्हणून सगळं घर उलटलं होतं. साक्षीदार म्हणून एकटा दादा आला.

९ सप्टेंबर, मंगळवार
झोप नाही. ह्यांचं वय सत्तेचाळीस. दुसरीकडे कोण घेणार? लेकीचं, गौरीचं बारावीचं वर्ष. सकाळी चहा देताना बोलूनच गेले, "सही करून टाका."
कप खाली ठेवला ह्यांनी. "दादाला काय सांगू?"
मी रडले. रडायला नको होतं. रडलं की हे ऐकतात, मला माहीत आहे.

११ सप्टेंबर, गुरुवार
केली सही. तेरा जणांना कंपनीच्या गाडीतून मागच्या गेटनं आत नेलं. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "तू सांगितलंस हे कुणाला कळता कामा नये. दादाला तर नाहीच. सही माझी आहे." हो म्हटलं. सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटते लिहिताना.

१५ सप्टेंबर, सोमवार
बिल्डिंगच्या कंपाउंडवर लाल ऑइलपेंटनं 'फितूर'. खाली ह्यांचं नाव. समोरचे काका म्हणाले, "पुसून घ्या वहिनी, बरं दिसत नाही." टर्पेंटाइननं घासलं, नुसतं पसरलं.
क्लासमध्ये एकीनं गौरीला विचारलं, गद्दार म्हणजे तुझेच पप्पा ना? घरी येऊन ती ह्यांना म्हणाली, "मामा तिथे उन्हात बसलाय, आणि तुम्ही?" हे जेवत होते. जेवत राहिले. माझ्या अगदी ओठावर आलं होतं, पण हो म्हटलंय ना.

२ ऑक्टोबर, दसरा
आपट्याची पानं घेऊन दादाकडे, एकटीच. वहिनीनं पाणी दिलं. दादा आतल्या खोलीतून बाहेर आला नाही. वहिनी हळू आवाजात, "ताई, नोकरीचं त्यांना एवढं नाही. आपलाच माणूस फुटला, ते लागलंय." मी म्हटलं, हं. पानं टेबलावर ठेवून निघाले. जिन्यात पाच मिनिटं उभी होते. परत वर जावं, की...
नाही गेले.

१३ ऑक्टोबर, सोमवार
संप मिटला. म्हणजे मोडलाच. पाच जण सोडून सगळ्यांना आत घेतलं. त्या पाचांत पहिलं नाव दादाचं.
ह्यांना आज दुसरं मशीन दिलं. कुठलं, विचारलं. मग बूट काढता काढता, "दादाचं लेथ." फोरमन म्हणाला म्हणे, पाहुण्यांचं आहे, सांभाळून चालवा. शॉपमधले सगळे हसले. हे मोरीत किती तरी वेळ हात धूत होते.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
हे फर्स्ट शिफ्टला. दादा येईल असं वाटलंच नव्हतं. बारा वाजता फोन, "खाली ये. वर नाही येणार मी."
ताट घेऊन उतरले. पार्किंगमध्ये, गाड्यांच्या मध्ये ओवाळलं. टिळा लावताना तोंडातून निघालंच, "दादा, सही मी करायला लावली. त्यांना नव्हती करायची."
वाटलं, ओरडेल. मग म्हणाला, "मग तो बोलला का नाही?"
"मला बोल लागू नये म्हणून."
"फितूर फितूर करत मीच घोषणा दिल्या गं. माइकवरून. नाव घेऊन." गाडीला किक मारली, सुरू होईना. दुसऱ्यांदा झाली. गेला. माझ्यावर चिडलाय की स्वतःवर, कळलं नाही. ह्यांना भेटेल का, तेही नाही.
तीन वाजत आले. साडेतीनला हे येतील. दादा येऊन गेला, हे सांगायचं. मी शब्द मोडला, हेही.
भाजी गरम करायला ठेवलीय.