विकायचं नसलेलं घड्याळ

दि. ४ मार्च

चि. सौ. ठमीस,
अनेक आशीर्वाद. काल शेजाऱ्यांच्या आजारी कुत्र्यासोबत जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या, आवाज हवालदाराचा आणि मनगटावर, विश्वास ठेव, सोन्याचा जुना क्रोनोग्राफ! दोन बटणं, तबकडीवर नाडी मोजायची पट्टी. कपाटातल्या माझ्या आठ जुन्या घड्याळांत तसला नाही. बाईंनी त्याच हाताने कुत्र्याचा जबडा उघडला. तिथल्या तिथे मागणी घातली. म्हणजे घड्याळाला. वडिलांचं आहे, रोज कामाला लागतं, विकायचं नाही, म्हणाल्या. मी कसला ऐकतोय!
मुलांना गोड पापे.
तुझा दादा

दि. २ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि. मागणी घातलीस हे वाचून उडालेच, पुढचं वाक्य वाचून हिरमुसले. आता तुझ्या कार्डावरून कळतं की कुत्रं बरं झालं तरी तुझ्या दवाखान्याच्या खेपा चालूच आहेत, आणि परवा तू शेळीचे पाय धरून उभा होतास! घड्याळांना हातमोजे घालून शिवणारा माणूस तू. वहिनी गेल्यापासून तुझ्या पत्रांत घड्याळांशिवाय कुणी नसायचं. आता बाई काय म्हणाल्या, कशावर हसल्या, तेच. ह्यांचं मत, दादांचं काहीतरी बिनसलंय. माझं मत, जुळतंय.
रागावलास तरी माया पातळ करू नकोस.
तुझी ठमी

दि. २० एप्रिल

चि. सौ. ठमीस,
अनेक आशीर्वाद. घाबरू नकोस, हे इस्पितळातून लिहितोय. बाईंना म्हटलं होतं, विकू नका, पण ती पट्टी चालते कशी ते तरी दाखवा. त्यांनी माझं मनगट धरलं, बटण दाबलं, तीस ठोके मोजून काटा थांबवला. पुन्हा मोजलं. चक्कर येते का, विचारलं. मी म्हटलं, जिन्यात येते, वयाचं असेल. अशा ओरडल्या की मांजरं टेबलाखाली पळाली. पेंढ्याचा वास येणाऱ्या त्यांच्या गाडीतून इथे आणलं. ठोके फार मंद पडले होते, पेसमेकर बसवला. उशीर झाला असता तर जिन्यातच आटोपलं असतं, असं इथले डॉक्टर म्हणाले. जाग आली तेव्हा बाई खुर्चीत घोरत होत्या. ठमे, मी भ्यालो होतो. मरणाला तितका नाही, एकट्याने मरायला.
तुझा दादा

दि. २४ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि. आधी रडले, मग चिडले. चक्कर येते हे बहिणीला कळवायला काय झालं होतं? शनिवारी येते. बाईंचे पाय धरायचेत. आणि घड्याळाचं पुन्हा नाव काढलंस तर माझ्याशी गाठ आहे.
काळजी घे, नाहीतर आणखी बोलेन.
तुझी ठमी

दि. २८ एप्रिल

चि. सौ. ठमीस,
अनेक आशीर्वाद. घरी आलो. कपाट उघडून बाईंना म्हटलं, हवं ते उचला. त्यांनी एकेक घड्याळ कानाशी धरलं. एकही चालत नव्हतं. झीज नको म्हणून मी किल्लीच देत नसे. ही तर तुम्ही मेलेली पाळलीत, म्हणाल्या, आणि सगळ्यांना किल्ली देत बसल्या. तेवढ्यात धीर करून विचारलं. घड्याळाबद्दल नव्हे. विचार करते, म्हणून निघून गेल्या. मला जेवण गेलं नाही.
संध्याकाळी परत आल्या. शनिवारी येशील तेव्हा दाराशी गुडघ्याएवढे गमबूट दिसतील, चिखलासकट. कुणाचे म्हणून उचलून बाहेर ठेवू नकोस. घरच्यांचेच आहेत.
आमच्या दोघांवर लोभ राहू दे.
तुझा दादा