उजवीकडचा पोपट

६ ऑक्टोबर १९९८
त्या सकाळचं आजवर कुठंच लिहिलं नव्हतं. तीन वर्षं झाली. पहाटे आम्ही चौघे रामकुंडावर गेलो. मी, थोरला दादा, भावकीतले दोघे. त्याच्या आठवडाभर आधी माझ्या सुनीतानं मनमाडच्या मुलाशी कोर्टात लग्न केलं होतं. मुलगा रेल्वेत, जात वेगळी. दादा म्हणाला, पोरगी मेली समजायची, तिच्या नावानं आंघोळ करून मोकळं व्हायचं. घाटावरच्या गुरुजींनी ऐकून घेतलं आणि हात जोडले. "जित्या माणसाचं मी करत नाही." दादा म्हणाला, मग आपलं आपण करू.
मी पाण्यात उतरलो. ओंजळीत तीळ. दादा पायरीवरून म्हणाला, "नाव घे." घेतलं. तीन वेळा. पाणी सोडलं.
घरी येऊन जेवलोसुद्धा. भरीत-भाकरी. दोन भाकरी खाल्ल्या.
रोजचं नाम चालू आहे. पण कुंडावर पुन्हा गेलो नाही.

आज हे लिहायचं कारण, दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची ट्रंक उतरवली. तळाशी सुनीताचा जुना परकर, परकरात गुंडाळलेलं तोरण. मॅटीच्या जाळीदार कापडावर फुलीच्या टाक्यानं भरलेलं. स्वतःच्या रुखवतात मांडायचं म्हणून तिनं घेतलं होतं. मधे कलश, दोन्हीकडे पोपट. डावा पोपट पुरा झालाय. कलश झालाय. उजव्याची फक्त शेपटी, पुढे कोरी मॅटी. सुई तशीच टोचलेली, गंजलेली, तिच्यात हिरवा दोरा, शेजारी उरलेली हिरवी लड.
सौ.ला विचारलं, काय करू याचं?
"मला नका विचारू." चुना कालवायला निघून गेली.

७ ऑक्टो.
तोरण मळ्यात आणलं. पाण्याच्या मोटारीच्या खोलीत, फळीवर, खताच्या रिकाम्या पिशवीत. इथं कोणी बघत नाही. गंजाचा डाग सुईएवढाच आहे. लिंबू लावून उन्हात ठेवलं, थोडा फिकटला.

२५ ऑक्टो.
दिवाळी झाली. झेंडू संपला, आता गुलाबच. दुपारी दीड-दोन तास मोकळे मिळतात.
नवी सुई घेतली. चष्मा लावूनही भोक दिसेना, दोरा थुंकी लावून पाचव्यांदा गेला. मग एक फुली घातली. मग दुसरी.
हात विसरला नव्हता. गावच्या शाळेत मुलांनाही हे होतं. उद्योगाच्या तासाला टकळीवर सूत काढायचं, आणि मास्तरांची लहर लागली की रुमालावर फुल्या. माझा रुमाल भिंतीवर टांगला होता त्यांनी. पुढं कुठं लागलं नाही ते. फक्त सुनी सात-आठ वर्षांची असताना तिला शिकवलं, तेवढंच.
आज अकरा फुल्या. पस्तीस चाळीस मिनिटं. बरं वाटलं. इतकं बरं वाटावं असं काय आहे त्यात?

२ नोव्हें.
नमुन्याचा कागद नाही. तिनं नेला असेल. पण गरज नाही. डावा पोपट समोर आहे, त्याची घरं मोजायची आणि उलट बाजूनं भरायची. तिकडं चोच डावीकडे, इकडे उजवीकडे. मोजताना घोटाळा होतो म्हणून प्रत्येक फुलीला एक नाम धरलं. नामही होतं, मोजणीही राहते. देवघरापुढं मन इतकं एका जागी राहत नाही.

९ नोव्हें.
हिरवा दोरा संपत आलाय, पंखाला पुरणार नाही. रविवार कारंज्याजवळच्या दुकानात गेलो. तिथला पोरगेला दुकानदार लड उलटीपालटी करून म्हणाला, "काका, ही छटा बंद झाली. काकूंना पाठवा ना, त्यांना कळेल काय चालेल ते."
म्हटलं, काकूंना नाही, मलाच हवाय.
"तुम्हाला?" मग हसू आवरून, "ही घ्या. जरा गडद हाय. धुतल्यावर एक होईल."
एक होणार नाही हे त्यालाही माहीत, मलाही. घेतला. पंखाच्या आतल्या बाजूला वापरीन, तिथं गडद शोभेल.

२१ नोव्हें.
बोटांना गुलाबाचे काटे, त्यात सुई. मॅटीवर रक्ताचा ठिपका पडला. थंड पाण्यानं लगेच काढला.
मान झाली. पोटाची गोलाई चालू. घाई नाही, कुणी मागितलेलं नाही. एक ओळ संपली की हात मागं घेऊन बघत बसतो. मोटारीचं पाणी वाफ्यात भरून वाहून गेलं तरी कळलं नाही आज.

२९ नोव्हें.
मोठी चूक निघाली.
आज तोरण दारात, उन्हात धरलं. तिची शेपटी चमकते आणि माझी मान विझलेली. आधी वाटलं दोऱ्याचा फरक. पण हे तर तिच्याच लडीतलं. मग नीट बघितलं. फुली म्हणजे दोन तिरपे टाके, एक खाली, एक वर. वरचा टाका सगळीकडे एकाच बाजूला कलला पाहिजे. माझे उजवीकडे कललेत. तिचे डावीकडे. सगळ्या तोरणभर.
सव्वा महिन्याचं काम. लांबून कोणाला दिसणार नाही. मला दिसेल. तिला दिसेल.
तिला कशाला दिसेल? तिच्यापर्यंत जाणार आहे का हे? मी ठरवलंय का तसं?

३० नोव्हें.
रात्रभर एकच. तिनं उलटं का भरलं? शिकवलं तर मीच.
सकाळी गुलाब तोडताना आठवलं. ओट्यावर तिला समोर बसवली होती. मांडीला मांडी नाही, समोरासमोर. माझी सुई तिला जशी दिसली तशी तिनं चालवली, आरशात बघावं तशी. माझं उजवं ते तिचं डावं. तिची चूक नव्हती. शेजारी घेऊन बसायला पाहिजे होतं.

२ डिसें.
उसवायला घेतलं. मान, पोट, सगळं. सुईच्या टोकानं एकेक फुली उचलायची, मॅटी न ताणता. भरण्यापेक्षा उसवणं हळू आहे. राग येईल असं वाटलं होतं, नाही आला.

११ डिसें.
आता तिच्यासारखं भरतो. हात सारखा आपल्या सवयीकडं जातो. ओळीत दोन तरी फुल्या चुकतात, पुन्हा काढतो. सात फुल्या झाल्या आज. सातही तिच्या बाजूला.

२७ डिसें.
फुलबाजारात गणपत भेटला. तो आठवड्यातून दोनदा मनमाडला फुलं नेतो. गाडीत टोपल्या चढवता चढवता म्हणाला, "भाऊ, रागवू नका. तुमची सुनीता दिसली. रेल्वे चाळीपाशी. कडेवर पोरगी हाय, वर्षाच्या आतलीच आसंल. मला म्हनली, काका, गुलाब कुठला? म्हनलं, तुझ्याच बापाच्या मळ्यातला."
मग?
"मग काय. चार फुलं घेतली. पैसे देत व्हती, म्या घेतले नाय."
पुढं काही बोलली का, हे विचारायचं होतं. टोपल्या भरून झाल्या होत्या.
सौ.ला सांगितलं नाही. दिवसभर सांगितलं नाही.

२८ डिसें.
सांगितलं. ती धान्य निवडत होती. सूप थांबलं, परत सुरू झालं.

१० जाने. १९९९
आज सौ. जेवण घेऊन लवकर आली आणि मी पकडला गेलो. मांडीवर तोरण, नाकावर चष्मा. डबा खाली ठेवला. मग म्हणाली, "डोळा काळा नका करू. डाव्याचा लाल हाय, ह्याचाबी लालच करायचा व्हता तिला."
लाल दोरा नाही माझ्याकडं, मी म्हटलं.
तिनं कनवटीची पिशवी सोडली. सुपारी, किल्ली, आणि कागदात गुंडाळलेली लाल लड. तीन वर्षं कमरेला बाळगत होती.
"तुमी आंघोळ केली त्या दिवशी मी ट्रंकेतून काढून घेतली. एवढी तरी ऱ्हाऊ दे म्हनलं."
दोघं जेवलो.

१९ जाने.
दादाला कळलं. मोटार बघायला म्हणून आला.
"काय रे, पोपट भरतोस म्हनं. आता नथ बी घाल."
हसलो. तो हसला नाही.
"कुणासाठी भरतोस?"
सुनीसाठी, म्हटलं. तोंडातून गेलं. तोपर्यंत मलाही पक्कं माहीत नव्हतं.
"तिला तू पानी सोडलंय. तुझ्या हातानं. आता तिच्या दारात गेलास, तर माझ्या दारात येऊ नको. लय झालं."
गेला. चप्पल वाफ्यातून आपटत गेला. लहानपणी नदीच्या पुरातून यानंच मला खांद्यावर घेऊन आणलं होतं. तो वाईट माणूस नाही.

३१ जाने.
तीन वर्षांनी कुंडावर गेलो. पाण्यात उतरलो नाही. ते गुरुजी तिथंच होते, जास्त म्हातारे. मला ओळखलं नाही, सांगितल्यावर आठवलं. विचारलं, दिलेलं पाणी परत घेण्याचा काही विधी आहे का?
"नाही."
जप, दान, काही?
त्यांनी पंचा पिळला. "तू तिला पाणी दिलंस ना? आता तिच्या हातचं पी. विधी म्हणून नाही सांगत. मला दुसरं सुचत नाही."
आणि तिनं दिलं नाही तर?
"तर तहानलेला ये."

१४ फेब्रु.
पंख झाला. गडद दोरा आतल्या बाजूला बरा बसलाय. तीस-चाळीस फुल्या राहिल्या. मुद्दाम हळू भरतो. रोज एक-दोन. संपलं की जावं लागेल.

५ मार्च
दोन दिवस हातच लावला नाही.

१० मार्च
डोळा भरला. लाल. सौ.नं दोरा ओवून दिला. चार फुल्यांचा डोळा, संपलं.
उलटं करून बघितलं. मागची बाजू तिची नीटनेटकी, माझी गाठीच गाठी. राहू दे.

१७ मार्च
उद्या पाडवा. सगळा झेंडू बाजारात गेला. सौ.नं तोरण धुतलं, इस्त्री केली, खालून झालर शिवली. मला वाटलं तीही येईल. "तुमी आधी जाऊन या," म्हणाली. "तुमी तोडलंय." बरोबर आहे.
दादाच्या घरी पाडव्याला दरवर्षी एकत्र जेवण असतं. अजून बोलावणं नाही.

१९ मार्च, मनमाड स्टेशन, दुपार
परतीच्या गाडीला वेळ आहे. आत्ताच लिहून ठेवतो, घरी गेल्यावर वेगळं होईल.
चाळ सापडली. दार उघडंच होतं. आधी पोरगी दिसली, जमिनीवर, डब्याचं झाकण वाजवत. मग सुनी आली. वाळली आहे. मला बघून पदर खोचला, पुन्हा सोडला.
"कोण पाहिजे?" म्हणाली.
मी पिशवीतून तोरण काढून पुढं धरलं. तिनं घेतलं नाही लगेच. मग घेतलं, खिडकीशी उजेडात नेलं. डाव्या पोपटावरून बोट फिरवलं, कलशावरून, उजव्यावर आली आणि थांबली. अंगठ्यानं फुल्या चाचपल्या.
"हे कुणी भरलं?"
मी.
"तुमच्या फुल्या अशा पडत नव्हत्या."
उसवून शिकलो, म्हटलं.
तिनं विचारलं, "मला पाणी सोडलं तेव्हा थंडी होती का हो, दादा?" मला ती दादाच म्हणायची, लहानपणापासून. म्हटलं, होती. "मला त्या दिवशी ताप होता," म्हणाली.
मी उंबऱ्याबाहेरच होतो. म्हटलं, सुनी, मला पाणी दे.
ती आत गेली. किती वेळ गेली कोण जाणे. पोरगी झाकण घेऊन माझ्यापर्यंत रांगत आली आणि परत फिरली. सुनीनं तांब्या आणला. हातात दिला नाही, उंबऱ्यावर ठेवला. तोरण तोवर तिच्या खांद्यावर टॉवेलासारखं.
आत ये म्हणाली नाही. जा म्हणाली नाही.
मी वाकलो, तांब्या उचलला आणि सगळं पाणी प्यालो.