छिन्नीचं पाणी

११ फेब्रुवारी
सहावा नमुनाही तडकला! यशदीप – लॅबमधला माझा सहकारी – दोन तुकडे हातात घेऊन म्हणतो, "मॅडम, हार्डनेस तो मस्त आया था." आला होता ना! कडकपणा भरपूर, चिवटपणा शून्य. या नव्या मिश्रधातूनं आठ महिने माझा जीव खाल्लाय.

नवा रायपूरहून बुढापाऱ्यातल्या घरापर्यंत बसमध्ये बाबांची छिन्नीच डोळ्यांपुढे. बाबा लोहार. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यातून त्यांनी घडवलेली. जात्यांना टाकी लावणाऱ्या बायका लांबून येऊन तीच मागायच्या – "मारोती भैया के छेनी नइ टूटय."

१२ फेब्रुवारी
आज काम झालं नाही. नुसत्या आठवणी.

छिन्नीला पाणी द्यायचं, म्हणजे तापवून-बुडवून कडक करायचं, की बाबा आधी दार लोटून घेत. अंधारात लोखंडाचा रंग नीट कळतो, म्हणत. लाल झालं की तेलात बुडवायचं. मग घासून पुन्हा हलकं तापवायचं. पोलादावर गवती पिवळा रंग चढतो, आणि बघता बघता जांभळा. पिवळ्यावर थांबलं तर छिन्नी साधली! थर्मामीटर नाही, काही नाही.

आणि दर वेळी हाक – "इंदू, ये वं लवकर!" आई कणकेच्या हातांनी धावायची. त्या दिवशी भाजी हमखास करपलेली. आई वेंधळीच, असं आम्ही भावंडं म्हणायचो. बाबांना तिच्यावाचून करमत नाही, असंही. फार बरे दिवस होते ते.

१३ फेब्रुवारी
यशदीप म्हणतो, "छेनी काट के देख लेते हैं ना." काट के! बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, त्यांच्या हातची ही एकच उरलीय. नाही कापणार.

१४ फेब्रुवारी
कापली.

आईला सांगितलं नाही. कटर फिरत होता तेव्हा मी खिडकीकडे तोंड करून उभी. मग घासून, ॲसिड लावून सूक्ष्मदर्शकाखाली धरली – काय सांगू! एकसारख्या बारीक सुया. धारेशी कडक, मागे चिवट. जितकं तापायला हवं तितकंच तापलेलं. रडूच आलं. यशदीप चहा आणतो म्हणून बाहेर गेला, शहाणा आहे.

अहवालात आभाराचं पहिलं नाव बाबांचं. काय नजर होती माणसाची!

१६ फेब्रुवारी, रविवार
आईला सगळं सांगून टाकलं. सूक्ष्मदर्शकातला फोटो माझ्या फोनवर दाखवला. "शेवयावानी दिसते," म्हणाली. मग तिनं छिन्नीचे तुकडे हातात घेऊन एकमेकांना जुळवून पाहिले.

"मले विचारलं असतं तं कापा लागली नसती. तुह्या बाबाले रंग कुठं समजे! लाल न् हिरवं एकच दिसे त्यायले. आता बुडवा, आता थांबा – मीच सांगो. गिऱ्हाइकाले कळू नये म्हणून दार लोटून घेत."

आणि भाजी करपली की आम्ही तिला हसायचो!