तळीला पाचवा माणूस

३ नोव्हें., सोमवार

सकाळी कोठी रोडला फिरणं. दादा, दोस्त तिवारी, मी. माझ्या बायपासनंतर डॉक्टरनी चालायला लावलं, चालून झाल्यावर पोहे-जिलेबी तिवारीने लावली.

दादाने आज परत विचारलं, "बंड्या, रविवारी सकाळी कुठे असतोस रे?"
मसीह सरांकडे, म्हटलं.
"ते हॉस्पिटलवाले? तब्येत ठीक ना त्यांची?"
ठीक आहे.

खोटं काही बोललो नाही. पण चादरीची घडी पूर्ण उलगडली नाही, वरचीच बाजू दाखवली. दुकानात गिऱ्हाइकाशी असं केलेलं चालतं. दादाशी नाही.

४ नोव्हें.

मसीह सर मागच्या वर्षी हॉस्पिटलात शेजारच्या खाटेवर होते. रिटायर गणिताचे मास्तर. मधे पडदा. सकाळी ते हळू आवाजात देवाशी बोलायचे, घरातल्या मोठ्या माणसाशी बोलावं तसं. एकेकाचं नाव घेऊन. नर्सबाईंची सासू, पोछा मारणाऱ्याचा भाऊ. माझे कान तेज, सगळं ऐकायचो आणि करमणूक करून घ्यायचो. ऑपरेशनच्या दिवशी ऐकलं: "और बाजूवाले भैया आज डरे हुए हैं, दिखाते नहीं हैं। उनके साथ रहना।"

आदल्या दिवशीच मी सगळ्या वॉर्डाला विनोद सांगून हसवलं होतं. माझ्या भीतीचा बायकोला, अलकालासुद्धा पत्ता नव्हता.

तिथून सुरुवात. मग त्यांच्याकडचं पुस्तक वाचायला आणलं, मग रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायला लागलो, मग येशूशी बोलायला लागलो. आता रोज बोलतो. आज हे लिहून काढलं, कारण लिहिलेलं बोलायला सोपं जातं म्हणे.

९ नोव्हें., रविवार

उपासनेनंतर सरांकडे चहा. बाप्तिस्म्याचं मीच काढलं. सर म्हणाले, "वो बाद में। पहले घर में बताइए। बड़े भाई को बाहर से पता चले, ये ठीक नहीं।"

म्हटलं, सर, २६ ला चंपाषष्ठी आहे. आमचं कुलदैवत खंडोबा. दादाकडे तळी भरतात. ताम्हनात खोबरं, भंडारा, पानसुपारी. पाच पुरुष मिळून ते उचलतात आणि येळकोट करतात. दादा, त्याचा निलेश, आमचा अमोल, वहिनींचा भाऊ आणि मी. मोजून पाच. त्यात दादाचा घसा बसका, म्हणून वडील गेल्यापासून आरोळी माझी.

"तो आप क्या करेंगे?"
"माहीत नाही," असं मराठीतच निघालं.
 सरांनी पेरू कापून दिला, वर मीठ-मिरची. हा माणूस उत्तर देत नाही आणि समोरचा उठून जाऊही शकत नाही. चादरी विकत असता तर माझं दुकान बसवलं असतं त्याने.

१० नोव्हें.

तळीला हात लावायचा आणि मनात नाही म्हणायचं, हे जमेल. कोणाला कळणार नाही. फक्त मला कळेल, आणि दादाच्या देवाची पण थट्टा होईल. नाही.

हात नाही लावायचा तर आधी सांगायला हवं. तळी उचलायच्या वेळी मागे सरकलो तर तो दादाचा चारचौघांत अपमान.

म्हणजे २६ च्या आत. अलकाला म्हटलं. तिला सुरुवातीपासून माहीत आहे, तिला गाणी आवडतात, कधी कधी येते. म्हणाली, "सांगा. पण अहो, माझा गणपती जागचा हलणार नाही हां."
मी कुठे म्हटलं हलव?
"म्हटलं नाहीत. मीच आधी सांगून ठेवते."

१२ नोव्हें., बुधवार

तालीम म्हणून तिवारीला सांगितलं. दादा आज आला नव्हता. तिवारीने आधी जिलेबी संपवली. मग, "किसी ने कुछ दिया-विया तो नहीं, भिया?"
म्हटलं, उलट मीच रविवारी उपासनेत फिरणाऱ्या थैलीत पैसे टाकून येतो.
"तब तो सच्चा मामला है. तू मुफ़्त में किसी को कुछ देता नहीं."
मग धर्म बदलायचे काग़ज़-पत्तर, कायदा, लोक काय म्हणतील, सगळं त्याने सांगितलं. मला माहीत आहे, घाई नाही, आधी दादा, म्हटलं. मी त्याला येशूबद्दल सांगायला लागलो, आणि माझ्याच कानांना ऐकू आलं: हा तर आपला चादरी विकायचा सूर. पक्का रंग, दोन्ही बाजूंनी वापरा. थांबलो.

उठताना तिवारी म्हणाला, "सुन. मेरे घुटने का भी बोल देना उधर."

१३ नोव्हें.

सरांना सुराचं सांगितलं. खूप हसले. म्हणाले, "चादर दुकान में बेचिए। भाई को सिर्फ़ इतना बताइए कि आपके साथ क्या हुआ।"

१६ नोव्हें., रविवार

दादाला फोन. म्हटलं, थोडं बोलायचंय, निवांत.
"कशाबद्दल?"
समोरासमोर सांगतो.
 मग, "ये बुधवारी." फोन त्यानेच आधी ठेवला.

१९ नोव्हें., बुधवार

लिहून ठेवतो, जसं झालं तसं.

दादाकडे गेलो तर टेबलावर लाल फडक्यात बांधलेले घराचे कागद. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात, डोळे पुसलेले. दादा म्हणाला, "वाटणी हवी ना तुला? घे. भांडायचं नाही. बाबांच्या मागे तुला वाढवला तो काय कोर्टात जायला?"

निवांत बोलायचंय म्हटलं की या घराण्यात वाटणीच. काकांनी असंच केलं होतं, माझ्या ध्यानातच आलं नाही. एवढं दुकान चालवतो, आणि एक वाक्य नीट बोलता आलं नाही.

म्हटलं, दादा, मला घरातली वीट नको. मग सांगितलं. हॉस्पिटल, पडदा, ते वाक्य. भीती कशी गेली ते. रविवार. मी येशूला मानतो. पहिल्यांदाच तालीम न केलेलं बोललो.

दादा कागदाच्या गाठीशी खेळत राहिला. म्हणाला, "तू त्या दिवशी घाबरला होतास?"
हो.
"मला नाही सांगितलंस."
कोणालाच नाही.
त्याने गाठ परत आवळली. "आणि तळी?"
हात नाही लावणार, दादा. पण येणार, तू येऊ दिलंस तर.
तेव्हा म्हणाला, "यापेक्षा वाटणी मागितली असतीस तर बरं झालं असतं." आणि आत गेला.

वहिनींनी चहा दिला. साखर घालायला विसरल्या. मी पण तसाच प्यायलो.

२१ नोव्हें.

कोठी रोड. दादा येतो, पण आमच्या मागून. डावी चप्पल घासते ना त्याची, जुनी सवय, लांबून कळतं. मी हळू झालो की तीही हळू. तिवारीने एकदा मागे जाऊन निरोप आणला: "बोल रहे हैं, बंड्या को कहना स्वेटर पहने, हवा लगेगी."

म्हटलं, त्यांना सांग, घातलाय.
"मैं क्या तुम्हारा डाकिया हूँ?" म्हणाला आणि गेला सांगायला.

२३ नोव्हें., रविवार

वहिनींचा फोन अलकाला: भरताची वांगी नेहमीप्रमाणे भाऊजींनी निवडून आणावीत, यांना बिया कळत नाहीत. चातुर्मासानंतरचं पहिलं वांगं, चुकायला नको.

म्हणजे यायचं आहे.

निलेशचाही आला. "काका, पाचवा कोण घ्यायचा? बाबा काही बोलत नाहीत." मला विचारतोय. मी कोणाचं नाव सांगणार?

२६ नोव्हें., बुधवार. चंपाषष्ठी

पाचवा माणूस तिवारी. दादानेच बोलावलं. डोक्यावर निलेशची क्रिकेटची टोपी, कारण उघड्या डोक्याने तळी उचलत नाहीत आणि त्याच्या डोक्याच्या मापाची दुसरी घरात नव्हती.

मी स्वयंपाकघरात वहिनींबरोबर, गॅसवर वांगी फिरवत. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. ताम्हन उचललं. दादाने आरोळी दिली, ती घशातच राहिली. नंतर निलेश, अमोल, दबकत. आणि तिवारी सगळ्यांच्या वर, गल्लीपर्यंत जाईल अशा आवाजात: "जय श्री महाकाल."

बाहेर ताम्हन खाली टेकलं. मग अमोल हसला, निलेश हसला, मग दादाचं ते खोकल्यासारखं हसणं. दुसऱ्यांदा उचललं तेव्हा जरा जोर आला.

माझ्या तोंडाशी येळकोट आला होता. इतक्या वर्षांचा, आपोआप. गिळला. ती काही वाईट चीज नव्हती, माझ्या वडिलांची होती. डोळ्यांत पाणी आलं, धुराचं म्हणता आलं असतं. वहिनी बघत होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, वांगं करपतंय."

मग दादा सगळ्यांना भंडारा लावत आला. माझ्यापुढे थांबला. बोट पिवळं, अधांतरी. मग ते स्वतःच्याच कपाळाला परत एकदा पुसलं आणि पुढे गेला.

जेवायला पंगत. माझ्या ताटात रोडगा, भरीत, वर कच्चा कांदा नेहमीसारखा जास्त. वाढला दादाने.

भरीत थोडं करपलेलं होतं. सगळ्यांनी माझं नाव घेतलं.

२ डिसें.

तिवारीचा घुटना: "वैसा ही है. पर तू बोलता रह, बंद मत करना."

त्याला रविवारी येतोस का म्हटलं. "अभी नहीं. पर एक बात बता, वो सर मेरे बारे में क्या बोलेंगे पर्दे के पीछे?" बराच वेळ त्यावरच बोलत चालत होतो. माझ्या सगळ्या चादरी उलगडून जे झालं नसतं ते त्या एका पडद्याने केलं.

दादा अजून मागून.

९ डिसें., मंगळवार

हे लिहिताना हसू येतंय.

दुकान उघडायच्या आधी शटर अर्धं वर करून मी गादीवर बसतो आणि एकेकाचं नाव घेतो, सरांसारखं. मोठ्याने, कारण मनातल्या मनात माझं लक्ष हिशेबाकडे जातं. आज अलका झाली, अमोल झाला, तिवारीचा घुटना झाला, दादावर आलो. तेवढ्यात बाहेर डावी चप्पल घासली. शटरशी थांबली.

मी थांबलो नाही. खरं लिहायचं तर आतला दुकानदार जागा झाला. वाटलं, गिऱ्हाईक उभं आहे, दोन वाक्यं वाढवावीत. नाही वाढवली. रोज जे म्हणतो तेच म्हटलं: याचा माझ्यावरचा राग जाऊ दे किंवा राहू दे, पण याला एकटं वाटू देऊ नको. आणि याचं पोट साफ होत नाही, तेवढं बघ.

शटर धाडकन वर. दादा. वीस दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलला, ते हे:
"माझं पोट तुझ्या देवाला सांगायची काय गरज होती?"
म्हटलं, रोजच सांगतो.
"रोज?"
रोज. हॉस्पिटलातून आल्यापासून.
तो गादीच्या कडेला बसला. चप्पल काढली नाही, पाय बाहेर ठेवून बसला. शेजारचा चहावाला दोन चहा ठेवून गेला. दादाने अर्धा प्यायला, मग म्हणाला, "सांगायचं तर नीट सांग. त्रिफळा बंद केलंय मी. इसबगोल चालू आहे."

१० डिसें.

कोठी रोड. तिघं एका ओळीत. तिवारी म्हणाला, "अपना डाकखाना बंद?"

१७ डिसें., बुधवार

दादा खुश नाही, हे लिहून ठेवायला हवं. आज स्पष्ट म्हणाला, "मला हे पटलेलं नाही आणि पटणार नाही. पुढच्या वर्षी तिवारीला येळकोट शिकवीन. पण तू बाप्तिस्मा घेशील तेव्हा मला आधी सांग. पेपरातून कळायला नको."
पेपरात कोण छापतंय माझं.
"तिवारी आहे ना."

ठीक. सांगेन. येतोस का, ते विचारायचं धैर्य झालं नाही. बायपासला झालं होतं, याला नाही.

२१ डिसें., रविवार

झालं. विचारलं. गुरुवारी नाताळ आहे, सकाळी उपासना आहे, नंतर आमच्याकडे जेवण आहे, अलका पुरणपोळी करणार आहे. जेवायला या. सकाळी आलात तरी चालेल. एवढंच. दुसरी बाजू उलगडली नाही, रंग पक्का आहे म्हटलं नाही.

दादा म्हणाला, "बघू."

वहिनींनी आतून विचारलं, "भाऊजी, तुमच्या त्या सणाला पुरण चालतं?" चालतं म्हटलं. "मग कटाची आमटी मी आणते, अलकाची पातळ होते."

म्हणजे जेवण नक्की. सकाळचं दादाच जाणे. सरांना सांगितलं तर म्हणाले, "उनका नाम तो मैं एक साल से ले रहा हूँ।" मी दादाचं नाव सरांना सांगितलं कधी? आठवत नाही. पडद्यातून पलीकडे पण ऐकू जात असणार.

२४ डिसें., बुधवार

दिवसभर गर्दी, फ्रीगंज बाजारात पाय ठेवायला जागा नाही. भैरवगढचा छाप्याचा माल दुपारी आला, लाल चादरी संध्याकाळपर्यंत संपल्या.

दुकान बंद करत होतो तेव्हा दादाचा फोन. आधी हवापाण्याचं, मग खोकल्याचं, मग अलकाला डाळ भिजत घालायची आठवण कर. फोन ठेवणार असं वाटलं. ठेवला नाही. म्हणाला,
"तिथे चपला बाहेर काढायच्या असतात का रे?"
म्हटलं, काही काढतात, काही घालून बसतात. तुला बरं वाटेल तसं.
"मी आपलं विचारलं." आणि ठेवला.

अलका म्हणते, पुढे बसू, गाणी नीट ऐकू येतात. मी म्हटलं, नको. उद्या मागचाच बाक, दाराजवळचा. तिथून बाहेरचं ऐकू येतं.